डेडलिफ्ट खरंच किती भारी आहे? बॉडीवेट धरून नीट कसं मोजायचं

मी ज्या जिममध्ये ट्रेनिंग करतो तिथे एका संध्याकाळी दोन डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार ओढून सरळ उभं राहायचं ती लिफ्ट, लागोपाठ झाल्या. पहिला मुलगा ६५ किलोचा, त्याने १४० ओढला, म्हणजे दोन्ही बाजूला वीसच्या तीन-तीन प्लेट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, "दुप्पटीच्या वर गेला रे!" असं झालं, आणि ते बरोबरच होतं कारण १४० भागिले ६५ म्हणजे २.१५. त्याच्यानंतर ११० किलोचा एक जण आला, त्याने २१० ओढला, बार गुडघ्याच्या वर येऊन दोन सेकंद जवळजवळ थांबलाच होता, मान लाल झालेली, तरी त्याने सोडला नाही आणि लॉकआउट केला, म्हणजे बार धरून पूर्ण सरळ उभा राहिला. मागून कोणीतरी बोललं, "स्वतःच्या दुप्पट पण नाही." हिशोब बघितला तर १.९१, आकडा खरा आहे. पण त्या माणसाचा चेहरा पडला ते मला आजपर्यंत आठवतं, कारण त्या दोघांत मोठी लिफ्ट त्याची होती आणि हे कुठल्याही फोनच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांत दाखवता येतं.

ते कसं दाखवायचं ते इथे सविस्तर लिहितोय. स्वतःची लिफ्ट मोजायची असेल, मित्राची मोजायची असेल किंवा व्हिडिओत कोणीतरी काहीतरी उचलताना दिसला आणि "हे खरंच भारी आहे का" असा प्रश्न पडला असेल, तिन्हीला हीच पद्धत चालते.

पायरी १: बारवर नक्की किती वजन आहे

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. स्टँडर्ड ऑलिम्पिक बार २० किलोचा असतो हे सगळे धरून चालतात, पण बऱ्याच जिममध्ये १५ किलोचा बार पण असतो, काही ठिकाणी अजून हलका असतो, आणि लांबून बघून तो ओळखू येत नाही. लोखंडी प्लेटवर २० लिहिलंय म्हणजे ती २० चीच आहे असंही नाही, जुन्या किंवा स्वस्तातल्या प्लेट अर्धा-एक किलो इकडेतिकडे सहज निघतात. सहा प्लेट लावल्या आणि प्रत्येक एक किलोने कमी असली तर तुमचा १४० हा १३४ झाला. साधा वजनकाटा आणा, प्लेट एकेक करून ठेवा, खडूने खरा आकडा मागे लिहून टाका, एकदाच करायचं काम आहे. स्पर्धेत कॉलरचं (प्लेट सरकू नये म्हणून बारला लावतात त्या कड्या) वजन पण मोजतात, तिथले कॉलर अडीच-अडीच किलोचे असतात, जिममधले स्प्रिंगवाले क्लिप मोजले नाहीत तरी चालतं.

प्लेटचा आकार पण बघा. पूर्ण साइजच्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर असतो. लहान व्यासाच्या प्लेट लावल्या की बार खाली जातो आणि लिफ्ट अवघड होते, उलट प्लेटच्या खाली मॅट किंवा ठोकळे असले तर सोपी होते. चार-पाच सेंटीमीटर ऐकायला काहीच वाटत नाही, पण ज्याचा बार जमिनीवरूनच सुटत नाही त्याला विचारा.

पायरी २: लिफ्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा

आकडा कळला म्हणून लिफ्ट कळली असं होत नाही. शक्य असेल तर बाजूने घेतलेला व्हिडिओ बघा, समोरून घेतलेल्यात अर्ध्या गोष्टी लपतात.

पॉवरलिफ्टिंगचा (स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तीन लिफ्टचा खेळ) नियम साधा आहे: बार वर जायला लागल्यावर लॉकआउटच्या आधी तो परत खाली येता कामा नये, मांडीवर टेकवून वर सरकवायचा नाही, शेवटी गुडघे सरळ आणि खांदे मागे, आणि रेफरीने खुणेने सांगितल्यावरच हात न सोडता खाली आणायचा. मांडीवर टेकवून, गुडघे परत थोडे वाकवून, झटके देत वर नेण्याला हिचिंग म्हणतात. पॉवरलिफ्टिंगमध्ये ती फाउल आहे, स्ट्राँगमनमध्ये (अवजड वस्तू उचलायच्या-ओढायच्या स्पर्धा) चालते. व्हिडिओ बघताना बार गुडघ्याच्या वर आल्यावर थांबवा आणि पुढची फ्रेम फ्रेम सरकवत बघा. बार मांडीला घासत सलग वर जातोय की मांडीवर बसतोय आणि खालून गुडघा पुढे येऊन त्याला आधार देतोय, हे तिथे स्पष्ट दिसतं. आणि लॉकआउट पूर्ण झाला का ते कंबरेकडे बघून कळतं, बरेच जण खांदे मागे टाकतात पण कंबर मागेच राहिलेली असते आणि गुडघे मऊ असतात.

मग सामान बघा. बेल्ट जवळजवळ सगळेच वापरतात, त्याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. स्ट्रॅप, म्हणजे मनगटाला बांधून बारभोवती गुंडाळायचे पट्टे, ही मात्र मोठी गोष्ट आहे, कारण जड डेडलिफ्टमध्ये खूप लोकांची पाठ आणि पाय अजून तयार असतात आणि बोटं आधी उघडतात, स्ट्रॅप लावले की तो प्रश्नच संपतो. जिममध्ये स्ट्रॅप वापरणं चुकीचं नाही, मी पण वापरतो, पण स्ट्रॅपवाला २०० आणि उघड्या हाताचा २०० एकाच रांगेत लिहू नका. डेडलिफ्ट सूट तर अजून वेगळी गोष्ट, त्यात तळाला ताणलेलं कापड वर यायला मदत करतं. बारचं पण तसंच आहे, खास डेडलिफ्टचा बार थोडा बारीक आणि लवचिक असतो, प्लेट सुटायच्या आधी मधला भाग वर आलेला असतो, त्यामुळे सुरुवात जरा वरून होते.

हे सगळं किती फरक करतं ते मोठ्या आकड्यांत बघा. आइसलंडच्या बेनेडिक्ट मॅग्नुसनने २०११ मध्ये ४६० किलो स्ट्रॅप न लावता आणि सूट न घालता ओढला. एडी हॉलने २०१६ मध्ये लीड्सला ५०० ओढला तो स्ट्राँगमनच्या नियमात, म्हणजे स्ट्रॅप आणि सूट दोन्ही. हाफथोर ब्योर्नसनने २ मे २०२० ला ५०१ ओढला, तो पण स्ट्राँगमन नियमात, स्वतःच्या जिममध्ये, आणि स्पर्धा नसल्यामुळे त्यावर इतका वाद झाला की लोक अजून भांडतात. नुसता आकडा बघितला तर ४६० ची लिफ्ट ५०० पेक्षा ४० ने कमी दिसते. माझ्या मते ती ५०० च्या खूप जवळची आहे, कदाचित बरोबरीची.

सुमोबद्दल पण बोलून टाकतो कारण प्रश्न येणारच. सुमोमध्ये पाय रुंद असतात, धड जास्त उभं राहतं आणि बारचा प्रवास कमी होतो. त्याला चीटिंग म्हणणं मला पटत नाही, पॉवरलिफ्टिंगच्या नियमात सुमो आणि कन्व्हेन्शनल (पाय जवळ ठेवून) दोन्ही स्टाइल सारख्याच चालतात, आणि ज्याची कंबर रुंद उघडत नाही त्याला सुमोत उलट कमी वजन जातं. वहीत फक्त शेजारी लिहा, सुमो की कन्व्हेन्शनल. ट्रॅप बार, रॅक पुल, ब्लॉक पुल मात्र या हिशोबात घेऊच नका. त्या चांगल्या एक्सरसाइज आहेत पण ती जमिनीवरून सरळ बारची डेडलिफ्ट नाही.

पायरी ३: बॉडीवेट कधीचं

सकाळी रिकाम्या पोटी आणि रात्री जेवल्यावर एकाच माणसाच्या वजनात एक-दोन किलोचा फरक सहज पडतो. लिफ्ट केली त्या दिवशीचं, शक्यतो लिफ्टच्या आधीचं वजन घ्या. "माझं नॉर्मली ७२ असतं" हे नको.

स्पर्धेतल्या आकड्यांना अजून एक पदर आहे. आयपीएफच्या (पॉवरलिफ्टिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) स्पर्धांत वजन लिफ्टिंग सुरू व्हायच्या दोन तास आधी घेतात, त्यामुळे फार पाणी तोडून येता येत नाही. काही दुसऱ्या फेडरेशनमध्ये २४ तास आधी घेतात, मग माणूस पाणी तोडून ८२.५ च्या क्लासमध्ये वजन देतो, दिवसभर खातो-पितो आणि दुसऱ्या दिवशी प्लॅटफॉर्मवर ८८ चा होऊन उभा राहतो. कागदावर "साडेतीन पट" दिसेल, प्लॅटफॉर्मवरच्या वजनाने मोजलं तर सव्वातीनच्या आसपास येईल.

पायरी ४: रेप असतील तर त्याचा सिंगल काढा

कोणी १४० चे पाच रेप मारले, म्हणजे लागोपाठ पाच वेळा उचलला, तर त्याचा एक रेपचा मॅक्स किती, हे अंदाजे काढता येतं. एप्लीचा फॉर्म्युला: वजन गुणिले, १ अधिक रेप भागिले ३०. म्हणजे १४० × (१ + ५/३०), उत्तर १६३. ब्रझिकीचा फॉर्म्युला: वजन गुणिले ३६, भागिले, ३७ वजा रेप. म्हणजे १४० × ३६ / ३२, उत्तर १५७.५. दोन्हीत कमी येईल तो धरा. आणि पाच-सहा रेपच्या वर गेलं की मी या फॉर्म्युल्यांवर विश्वास ठेवत नाही, कारण मग दम, ग्रिप आणि सहनशक्ती यांचा भाग इतका वाढतो की ताकद किती ते कळत नाही. प्लेट जमिनीवर आपटून उसळीने पुढचा रेप घेतला असेल तर तो रेप मोजूच नका, प्रत्येक रेपला बार जमिनीवर पूर्ण थांबला पाहिजे.

पायरी ५: कितीपट, आणि तो आकडा का फसवतो

आता खरी गोष्ट. उचललेलं वजन भागिले बॉडीवेट हा हिशोब सगळे करतात, सोपा आहे, आणि साधारण एकाच वजनाच्या दोन माणसांत तो ठीक चालतो. ७० आणि ७४ किलोवाल्यांची तुलना बिनधास्त करा. पण ६० आणि ११० मध्ये तो हलक्या माणसाला फुकटचे मार्क देतो आणि जड माणसाचे कापतो.

कारण शरीराच्या मापात आहे. स्नायूची ताकद साधारणपणे त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, आणि वजन हे घनफळावर. एखादा माणूस त्याच ठेवणीत सगळ्या बाजूंनी दहा टक्के मोठा केला असं समजा: उंची, रुंदी, खोली सगळं १.१ पट. त्याच्या स्नायूचा छेद १.१ × १.१ म्हणजे १.२१ पट झाला, पण वजन १.१ × १.१ × १.१ म्हणजे १.३३ पट झालं. ताकद एकवीस टक्के वाढली आणि वजन तेहतीस टक्के. म्हणजे तो आधीपेक्षा चांगला ताकदवान झाला तरी त्याची "कितीपट" खाली आली, आणि त्यात त्याची काही चूक नाही. मुंगी स्वतःच्या वजनाच्या अनेकपट ओढते आणि हत्ती ओढत नाही, तेच हे.

म्हणून बॉडीवेटने सरळ भागायच्या ऐवजी बॉडीवेटच्या दोन-तृतीयांश घाताने भागायचं. ऐकायला अवघड आहे, करायला नाही: फोनचा कॅल्क्युलेटर आडवा केला की सायंटिफिक होतो, बॉडीवेटचं घनमूळ काढा आणि आलेल्या उत्तराचा वर्ग करा. १०० किलोचं घनमूळ ४.६४, त्याचा वर्ग २१.५४. उचललेलं वजन याने भागा, जो आकडा येईल तो तुमचा स्कोअर.

दरवेळी कॅल्क्युलेटर नको असेल तर हे आकडे लिहून ठेवा:

५० किलो: १३.५७
६० किलो: १५.३३
७० किलो: १६.९८
८० किलो: १८.५७
९० किलो: २०.०८
१०० किलो: २१.५४
११० किलो: २२.९६
१२० किलो: २४.३३

उदाहरण घ्या. ६० किलोच्या माणसाने १५० ओढला, अडीचपट, स्कोअर ९.८. हाच स्कोअर यायला १०० किलोच्या माणसाला २११ लागतील, म्हणजे २.१ पट. १२० किलोवाल्याला २३८ लागतील, म्हणजे दुप्पटीला थोडे कमीच. तिघांची मेहनत जवळपास सारखी आणि आकडे अडीच, दोन पॉइंट एक आणि एक पॉइंट अठ्ठ्याण्णव. "दुप्पट पण नाही" हे वाक्य म्हणूनच मला लागतं.

या हिशोबाला पण मर्यादा आहेत. तो धरून चालतो की सगळ्यांची शरीरं एकाच ठेवणीची आहेत. खूप जड माणसात चरबीचा वाटा वाढतो आणि चरबी बार ओढत नाही, त्यामुळे १२० च्या बऱ्याच वर गेलं की हा स्कोअर पण जड माणसावर थोडा अन्याय करतो. दुसऱ्या टोकाला अमेरिकन पॉवरलिफ्टर लमार गँटचं उदाहरण आहे. १९८५ मध्ये ६० किलोच्या क्लासमध्ये त्याने सुमारे ३०० किलो ओढला, स्वतःच्या पाचपट, असं करणारा तो पहिला माणूस. याचा स्कोअर साडेएकोणीस येतो. ५०१ ओढणारा ब्योर्नसन तेव्हा २०० किलोच्या आसपास होता, त्याचा येतो साडेचौदाच्या जरा वर. पण गँटच्या मणक्याला स्कोलिओसिसचा बाक होता, धड आखूड आणि हात लांब, त्यामुळे बार त्याला फार कमी अंतर न्यावा लागायचा. त्याची लिफ्ट मला आजही थक्क करते, हे सांगितलं ते फक्त शरीराच्या ठेवणीचा किती हात असतो ते दिसावं म्हणून.

विल्क्स, डॉट्स आणि आयपीएफचे जीएल पॉइंट्स ही नावं कानावर पडली असतील. ते असेच पण जास्त बारीक फॉर्म्युले आहेत, खऱ्या स्पर्धांच्या निकालांवरून बसवलेले, पुरुष आणि बायकांसाठी वेगळे. आयपीएफ २०१८ च्या शेवटापर्यंत विल्क्स वापरायची, २०२० पासून जीएल वापरते. स्पर्धेचा टोटल, म्हणजे तिन्ही लिफ्टची बेरीज, असेल तर तेच वापरा. नुसत्या डेडलिफ्टसाठी ते मुळात बनवलेले नाहीत, म्हणून मी घरचा हिशोब दोन-तृतीयांशानेच करतो.

पायरी ६: आलेला स्कोअर कुठे बसतो

हे टप्पे माझ्या बघण्यातले आहेत, कुठल्या संस्थेचे नाहीत. पुरुषांसाठी, स्ट्रॅपशिवाय, व्यवस्थित लॉकआउट असलेला एक रेप धरून:

साडेसहाच्या आसपास म्हणजे पाया बसला. ८० किलोवाल्याला १२०, १०० किलोवाल्याला १४०.

साडेआठ म्हणजे मन लावून ट्रेनिंग केलेला माणूस. ८० ला १५८, १०० ला १८३. इथे यायला बहुतेकांना वर्ष-दोन वर्षं किंवा जास्त लागतात.

पावणेअकरा म्हणजे साध्या जिममध्ये लोक सेट सोडून बघायला लागतात. ८० ला २००, १०० ला २३२.

तेराच्या वर गेलं की तो माणूस स्पर्धेत उतरलेला असतो किंवा उतरायला पाहिजे. ८० ला २४१, १०० ला २८०.

बायकांसाठी ६० किलोची बाई धरा: ६० किलो म्हणजे पाया, ९० चांगलं, १२० म्हणजे खूप ताकदवान, १५० ला मी उभा राहून टाळ्या वाजवतो. स्कोअरमध्ये ते साधारण चार, सहा, पावणेआठ आणि पावणेदहा. पुरुषांचे टप्पे बायकांना लावून "एवढंच?" म्हणणं हा सरळ चुकीचा हिशोब आहे, कारण सारख्या वजनाच्या बाईच्या शरीरात स्नायूंचा वाटा सरासरीने कमी असतो.

पायरी ७: माणूस कोण आहे ते विचारा

इथे आकडा संपतो आणि चौकशी सुरू होते. वय किती? स्पर्धांत चाळिशीपासून मास्टर्सचा गट सुरू होतो तो उगाच नाही, पंचावन्न वर्षांच्या माणसाचा साडेआठ हा पंचविशीतल्या साडेआठपेक्षा नक्कीच मोठा. किती वर्षं ट्रेनिंग? सहा महिन्यांत आलेला आठ आणि सहा वर्षांत आलेला आठ, पहिल्यात पुढची झेप दिसते. हात लांब आहेत का? सरळ उभं राहून हात सोडले आणि बोटांची टोकं गुडघ्याच्या अगदी जवळ येत असतील तर डेडलिफ्टला शरीर अनुकूल आहे. आखूड हात आणि लांब धड असलेल्याला तोच आकडा जास्त महाग पडतो, आणि बहुतेक वेळा असा माणूस बेंच प्रेसमध्ये पुढे असतो. पाठीच्या जुन्या दुखण्यातून उठून परत आलेल्याचा तर हिशोबच वेगळा, तिथे मी स्कोअर काढतच नाही.

या गोष्टी आकड्यात मिसळू नका, शेजारी लिहा. "२१०, बॉडीवेट ११०, कन्व्हेन्शनल, बेल्ट, स्ट्रॅप नाही, वय ४१, तीन वर्षं" एवढी एक ओळ असली की वाचणाऱ्याला सगळं कळतं.

ती ओळ त्या संध्याकाळच्या माणसाचीच आहे. ११० साठी २२.९६, २१० भागिले तेवढे, स्कोअर ९.१५. ६५ किलोवाल्या मुलाचा भागाकार १६.१७ ने, १४० चे होतात ८.६६, आणि त्याने स्ट्रॅप लावले होते. दुसऱ्या दिवशी मी दोघांनाही फोनवर हा हिशोब करून दाखवला. मोठा माणूस बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि मग त्याने विचारलं की दहा व्हायला किती लागतील, तर ते २३० येतात. मुलाने स्वतःच कॅल्क्युलेटर घेतला, ९.१५ ला पोचायला १४८ लागतात हे काढलं, आणि वहीत पुढच्या महिन्याच्या पानावर लिहिलं: १५०, स्ट्रॅपशिवाय.